वावर विकून पोराला परदेशी शिकायला धाडावं का?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज घरचाच विषय घेऊन आलोय.

आमचं गाव भडगाव तालुक्यात. वडिलोपार्जित साडेसात एकर, त्यातलं निम्मं गिरणेच्या पाटाखाली. मी गावातच कृषी सेवा केंद्र चालवतो. धाकटा भाऊ जळगावला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एकही विषय मागे नाही, सीजीपीए ८.१. चाकणच्या एका कंपनीने कॅम्पसमधून घेतलाय, हातात येणार २२ हजार.

मागे जळगावातल्या एका हॉटेलात परदेशी शिक्षणाचा मेळावा भरला होता. आमचे वडील, म्हणजे आप्पा, आणि तो दोघं गेले, आणि येताना इंग्लंडच्या विद्यापीठाचं ऑफर लेटर घेऊनच आले. परीक्षा नाही, मुलाखत नाही. टाय लावलेल्या पोराने मोबाइलवर मार्कशीटचे फोटो काढले, चहा-समोसा होईपर्यंत लेटर हातात. एक वर्षाचं एम.एस्सी., फी साडेसोळा हजार पौंड. राहणं-खाणं धरून 'सगळं मिळून तीस लाख' म्हणे. सीट ब्लॉक करायला पन्नास हजार लगेच भरायचे.

आप्पांनी मनात पक्कं केलंय की पाटाखालचे दोन एकर काढायचे. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय. मी तोंड उघडलं की 'तुला भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही' हे ऐकायचं. बरं, तोही गप्प. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

पाठवावं का? पाठवायचंच तर पैसा कुठून उभा करावा? 'पोराचं भविष्य आहे, जाऊ द्या' एवढंच लिहू नका, ते गावात रोज ऐकतोय. आकडे सांगा.

कापूसकोंड्या
चहा-समोसा होईपर्यंत ऑफर लेटर! आमच्याकडे वारसाची नोंद लावायची तर तलाठी आप्पा चहाच चार वेळा पितात.

साक्रीना जिभाऊ
भाऊ, पोऱ्याले धाडा, ना कोन म्हनस? पन पाटनं वावर ईकू नका. पोऱ्या आखाजीले तरी घर ई, वावर काय येत नही.

धुळे ते श्टुटगार्ट
गिरणाकाठ, जरा लांबलचक लिहितो, कारण मीही असल्याच एका हॉटेलातल्या खुर्चीवर बसून आलोय.

आधी त्या समोशाचे पैसे कोण देतं ते बघा. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडातली पुष्कळ विद्यापीठं एजंटला प्रत्येक पोरामागे कमिशन देतात, तेही पहिल्या वर्षाच्या फीच्या टक्क्यांत. म्हणून त्याची सल्ला-सेवा तुम्हाला 'फुकट' असते. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं असं कमिशन देत नाहीत, म्हणून मेळाव्यात जर्मनीचा स्टॉल नसतो, आणि असलाच तर तिथल्या खासगी, फीवाल्या कॉलेजांचा असतो. एजंट खोटं बोलतोच असं नाही. त्याच्या दुकानात जो माल आहे तो तो विकतो. तुम्ही कृषी केंद्र चालवता, तुम्हाला हे मी काय सांगायचं.

आता इंग्लंडचा हिशोब. साडेसोळा हजार पौंड म्हणजे आजच्या भावाने एकोणीस लाखांच्या आसपास. व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे दाखवावे लागतात ते लंडनबाहेर महिना ११७१ पौंड, नऊ महिन्यांचे. हेच बारा लाखांच्या वर गेले. त्यावर आरोग्य अधिभार, व्हिसा फी, तिकीट. तीस लाखांत बसत नाही, पस्तीस धरा. मुख्य गोष्ट पुढेच आहे. शिक्षण संपल्यावर तिथे थांबून काम करायला जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो तो दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीडच वर्षाचा मिळणार. तुमचा भाऊ येत्या सप्टेंबरला गेला तर बरोबर यातच सापडतो. त्यानंतर थांबायचं तर कंपनीने स्पॉन्सर केलं पाहिजे, आणि त्याची पगाराची अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना सवलत धरून ३३,४००. एक वर्षाची डिग्री, अनुभव शून्य, आणि दीड वर्षात एवढ्या पगाराची स्पॉन्सर नोकरी. मिळते, नाही असं नाही. पण दोन एकर त्यावर लावायचे का, हा तुमचा खरा प्रश्न.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, सत्रागणिक थोडं अंशदान असतं. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून चांगली जाड फी लावलीय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो ठेवायचे, म्हणजे बारा लाखांच्या थोडं वर. ते कुणाच्या घशात जात नाहीत, तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ करून तुमच्याच हातात येतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा, आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने.

ही झाली गोड बाजू. कोर्स इंग्रजीत मिळतो, पण नोकरी इंग्रजीत मिळेलच असं नाही. मेकॅनिकलवाल्याला तर कारखान्यात उभं राहायचं असतं, तिथे फोरमनशी जर्मनच बोलावं लागतं. आणि सध्या इथला वाहन उद्योगच आजारी आहे. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत ३५ हजारांवर जागा कमी करायचं ठरवलंय. माझ्या ओळखीची दोन मराठी पोरं डिग्री हातात घेऊन गोदामात पार्सलं लावतायत, कारण भाषा ए-टूवर, म्हणजे दुसऱ्याच पायरीवर, अडकली.

मेहरूणचं बोर
वरची सगळी आकडेमोड मान्य, तरी मी उलटं सांगणार.

मी जळगावचाच. माझ्या वडिलांनी २०१२ ला दोन एकर कोरडवाहू विकलं, उरलेलं कर्ज काढलं आणि मी टेक्सासला एम.एस. केलं. पहिलं वर्ष वाईट गेलं, कॅन्टीनमध्ये ताटं विसळली. नंतर नोकरी लागली, एच-वन-बी, म्हणजे तिथला कामाचा व्हिसा, लागला, कर्ज फिटलं, आणि बाबांनी विकलेल्याच्या दुप्पट जमीन आम्ही घेतली. तेव्हा मी 'रिस्क नको' म्हणत बसलो असतो तर आज चाकणच्या बसस्टॉपवर उभा असतो.

चाकणचे २२ हजार म्हणजे खोलीभाडं, मेस आणि गाडीचं पेट्रोल. पाच वर्षांनी ४५ होतील. साडेसात एकर दोन भावांत किती दिवस पुरणार? लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव ८,११० होता, पण सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा जास्त दाखवून परत पाठवलेल्या गाड्या मी नाही, तुम्हीच बघितल्या आहेत. शेती धरून ठेवा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की त्या दोन एकरातून वर्षाला निव्वळ सुटतं किती.

धुळे ते श्टुटगार्ट
बोरभाऊ, तुमच्या वेळी डॉलर पंचावन्नच्या आसपास होता, आता नव्वदीला आलाय. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली गेली. तिथेच शिकून आतल्या आत स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागू नाही असा खुलासा नंतर आला, पण कंपन्या बिचकल्या त्या बिचकल्याच.

मेहरूणचं बोर
बिचकल्या हे खरं. पण ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि इंजिनिअरिंगवाल्यांना वर आणखी दोन वर्षं, अशी तीन वर्षं कामाची मिळतात. त्यात कर्ज फिटतं. एच-वन-बी लॉटरीच्या ८५ हजार जागा माझ्या वेळीही तेवढ्याच होत्या. आणि जोखीम कुठे नाही? केळीवर सीएमव्ही हा विषाणू येतो तेव्हा कोण विचारून येतो?

निवृत्त अण्णा
माझी सगळी नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेत गेली, शेवटची वर्षं भुसावळला, कर्ज विभागात. पैशाचं मी सांगतो.

लोक म्हणतात, 'वावर विकण्यापेक्षा वावरावर कर्ज काढा.' शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेतच नाहीत. कारण साधं आहे. कर्ज थकलं तर बँक ज्या कायद्याने मालमत्ता ताब्यात घेते, तो २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागूच नाही, कलम ३१ मध्ये तसं लिहिलंय. म्हणजे जो कायदा शेतकऱ्याची जमीन वाचवतो, त्याच कायद्यामुळे त्याच्या पोराला कर्ज मिळत नाही. माझ्या टेबलासमोर पंधरा-वीस एकरवाले बागायतदार बसायचे, केळीचे ट्रक दिल्लीला जायचे त्यांचे, आणि मी विचारायचो, 'एन.ए. प्लॉट आहे का एखादा? जळगावात फ्लॅट?' नसायचा. शेजारी बसलेला तृतीय श्रेणी कर्मचारी, पिंप्राळ्यात हजार फुटांचं घर, त्याच्या पोरीचं कर्ज मंजूर.

गावठाणातलं घर चालतं का, हा पुढचा प्रश्न. नुसत्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बँकेचा वकील सही करत नाही. ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मिळालं असेल तर बोलणी पुढे सरकतात. गिरणाकाठ, तुमच्या गावाची मोजणी झालीय का ते भूमी अभिलेखमध्ये विचारा.

विनातारण म्हणाल तर बँकांची नेहमीची मर्यादा साडेसात लाख. नामांकित विद्यापीठात प्रवेश असेल तर काही बँका बऱ्याच वर जातात, पण त्यांची स्वतःची यादी असते. चहा-समोसावालं विद्यापीठ त्या यादीत क्वचितच. मग एजंट तुम्हाला खासगी वित्त कंपनीकडे नेतो. तिथे व्याज एक-दोन टक्के नाही, तीन-तीन टक्के जास्त, आणि शिक्षण चालू असतानाही दरमहा व्याज भरायला लावतात.

हप्ता सांगतो. ४० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं म्हणजे महिना ५४ हजार. शिक्षणाच्या काळातलं व्याज साचून मुद्दल ५० लाखांवर गेलं तर ६७ हजार. पोरगा तिथे कमावता झाला तर हा हप्ता काहीच नाही. परत आला तर पुण्यातला पूर्ण पगार बँकेत भरूनही कमीच पडणार. म्हणून मी प्रत्येक बापाला एकच विचारायचो: मुलगा तिसऱ्या वर्षी परत आला, तर हप्ता कोण भरणार? उत्तर 'तसं होणारच नाही' असं आलं की मी फाइल बाजूला ठेवायचो.

आणखी एक. खात्यात पैसे दाखवायला एजंट पंधरा-वीस दिवस, महिनाभर व्याजाने रक्कम फिरवून देतात. इंग्लंडला २८ दिवस पैसे खात्यात लागतात, त्यासाठी हा धंदा जोरात चालतो. व्हिसा अधिकाऱ्याने पैशाचा स्रोत विचारला की उत्तर नसतं, आणि एकदा फसवणुकीचा शिक्का बसला की पुढची दारं वर्षानुवर्षं बंद. त्या वाटेला जाऊ नका.

व्यवस्थापक
'घरबसल्या व्हिसा, १०० टक्के गॅरंटी' हा प्रतिसाद उडवला आहे. जाहिरातीसाठी वेगळा विभाग आहे.

कापूसकोंड्या
समोसे पोचले म्हणा की इथपर्यंत.

प्रताप कॉलेज ८८
अमळनेरचा माणूस आहे म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. अझीम प्रेमजी १९६६ साली स्टॅनफर्डला शिकत होते. वडील वारले, एकविसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट सोडून परत आले आणि अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची कंपनी हातात घेतली. त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली, आणि गावातल्या ज्यांनी तिचे शेअर जुन्या ट्रंकेत ठेवले होते त्यांची घरं तरली. परदेशी शिक्षण असं परत यायला हवं. आताची पोरं जातात ती परत न यायलाच जातात, आणि आईबाप व्हिडिओ कॉलवर नातवंडांना 'हाय' म्हणतात.

कापूसकोंड्या
आबा, प्रेमजींना परत यायला बापाची मिल होती. आमच्या पोरांना परत यायला विहीर आहे, तीही डिसेंबरात तळ दाखवते.

रावेरची लेक
हा धागा मुलग्यांचाच होऊन बसलाय, म्हणून लिहिते.

मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. केलं. आमच्या घरी चार पिढ्या केळी. पपांचा एकच हट्ट, बँकेची परीक्षा दे. मावशीचा हट्ट त्याहून जुना, लग्न कर. बाहेर शिकायचं म्हटल्यावर घरात कुणी वावर विकायची भाषा काढली नाही, हे सांगायला नको. मुलीसाठी कोण विकतं? त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून बिनपैशाचीच वाट शोधावी लागली, आणि आता वाटतं बरं झालं.

युरोपात इरास्मस मुंडुस नावाची शिष्यवृत्ती आहे. दोन वर्षांचं मास्टर्स, दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत मिळून. फी माफ, वर महिना १,४०० युरो. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत. एजंटला याचं नावसुद्धा माहीत नसतं, कारण त्यात त्याला काही सुटत नाही. माझा पहिला अर्ज फेटाळला गेला, दुसऱ्या वर्षी लागला. मधल्या वर्षात मी रावेरला एका टिश्यू कल्चर रोपवाटिकेत काम करत होते. तेच काम अर्जात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. त्यांना मार्क नंतर, आधी 'तुला नेमकं काय शिकायचंय' हे हवं असतं. मी लिहिलं होतं: आमच्या तालुक्यात सीएमव्हीने उपटून फेकलेल्या बागा मी पाहिल्या आहेत, मला विषाणू ओळखायला शिकायचंय.

शिकता शिकता बेल्जियमला ल्युव्हेनच्या विद्यापीठात जायला मिळालं. तिथे केळीच्या वाणांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह आहे, दीड हजारांच्या वर. बाहेर बर्फ, आणि आत खोल्यांमध्ये मांडणीवर काचेच्या नळ्या. प्रत्येकीत बोटाएवढं केळीचं रोप, मंद उजेडात, सोळा अंशांवर, म्हणजे ते मरत नाही आणि भराभर वाढतही नाही. काही वाण तर उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये. पपांना व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'ह्यांच्याकडे केयीचं एक खोड नाही वावरात, न् बठ्ठं बियानं ह्यांच्याकडेच?'

तर माझं म्हणणं. 'परदेशात जाऊ का' असा प्रश्नच नको. कोणता विषय, तो इथे का शिकता येत नाही, आणि तिथे तो कुणाकडे शिकायचा? मेकॅनिकलच्या त्या भावाला हे विचारलंय का कुणी? आतापर्यंत सगळे देशाबद्दल बोलतायत, कोर्सचं नावसुद्धा धाग्यात आलेलं नाही.

गिरणाकाठ
ताई, खरंय. लेटर काढून बघितलं. 'इंजिनिअरिंग मॅनेजमेंट' लिहिलंय. त्याला कधी मॅनेजमेंटचं नाव काढताना मी ऐकलं नाही. तो लहानपणापासून पंप आणि इंजिनं खोलत बसणारा.

धुळे ते श्टुटगार्ट
प्रयोगशाळा लागत नाही, वर्गात कितीही खुर्च्या टाकता येतात. म्हणून असले कोर्स भरभरून विकले जातात.

सातपुडा पायथा
मी धडगावकडचा. इथल्या चर्चेत आमच्याकडचा प्रश्न मुळातच उलटा आहे. आमच्याकडे विकायचा पर्यायच नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महसूल संहितेच्या ३६-अ खाली परवानगी लागते, आणि वनहक्काचा पट्टा तर वारसाने मिळतो पण विकता येत नाही. हे कायदे आहेत म्हणून जमीन शिल्लक आहे, माझी तक्रार नाही. पण मग पोरांना शिष्यवृत्ती हाच एक दरवाजा उरतो.

केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा अख्ख्या देशाला मिळून वर्षाला २०. अनुसूचित जातींसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची वेगळी, तिच्या १२५. राज्याची अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाचीही आहे, मराठा मुलांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची आहे. गिरणाकाठ, तुम्ही कोणत्या प्रवर्गात बसता ते बघून घ्या. अटी बारीक असतात. शाहू महाराज शिष्यवृत्तीला विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० त लागतं. आणि अशा ठिकाणचा प्रवेश मिळवायला परीक्षा, अर्जाची फी, कुरिअर यातच लाखभर जातात, ते शिष्यवृत्तीच्या आधी. आमची पोरं तिथेच गळतात. जात पडताळणी वेळेत नाही म्हणून हातातला प्रवेश गेलेला मुलगा माझ्याच वसतिगृहात होता.

शिरपूरची सून
थोडं अवांतर, पण मेळाव्यात एमबीबीएसवालेही बसतात म्हणून. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, कुठेही घेतलं तरी आधी 'नीट' ही आपली प्रवेश परीक्षा पात्र असावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार कोर्स ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, इंटर्नशिप तिथेच १२ महिने, परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे बाहेरून शिकून आलेल्यांची परीक्षा, ३०० पैकी १५० मार्क, आणि पुन्हा इथली इंटर्नशिप. माझे दीर २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधून बसने सीमेपर्यंत आले. सासूबाई तेव्हा टीव्हीसमोरून उठत नव्हत्या. दीर आता डॉक्टर आहेत, पण मधली वर्षं कशी गेली ते आम्हालाच माहीत.

धाकटा मीच
नवीन खातं काढलंय. ज्याच्याबद्दल चाललंय तो मी. दादाने लिंक पाठवली नाही, माझ्या रूममेटने पाठवली, 'हे तुमचंच घर वाटतंय' म्हणून.

दादा, मी गप्प आहे कारण मला आप्पांसमोर काय बोलायचं ते कळत नाही. वावर विका असं मी म्हटलेलं नाही. मेळाव्याला जायचं आप्पांनीच काढलं. भावकीतल्या काकांचा मुलगा कॅनडात गेल्यापासून पारावर त्यांना कोणी काही बोललं की ते घरी येऊन जेवत नाहीत, हे तुला माहीत आहे. गेल्या लग्नात कोणीतरी विचारलं, 'तुमचा कुठे?' आप्पा म्हणाले, 'इंग्लंडचं चाललंय.' तेव्हा अजून मेळावाही झाला नव्हता.

आणि ते कॅनडाचं म्हणाल तर त्या दादाशी मी बोलतो. तो गेला तेव्हा खर्चासाठी जीआयसीत, म्हणजे तिथल्या बँकेच्या ठेवीत, दहा हजार डॉलर ठेवायचे होते, आता बावीस हजारांच्या वर लागतात आणि २०२४ पासून परमिटांवरच मर्यादा आहे. तो कोर्स संपवून दुकानात रात्रपाळी करतो. काकांना ते माहीत नाही. मीही सांगणार नाही.

मला जायचं आहे का? हो, आहे. पण मॅनेजमेंटला नाही. मला पंप आणि टर्बाइन, फ्लुइडचं करायचंय. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट त्याच्यावरच केला होता.

मेहरूणचं बोर
भावा, मग पुण्याला जॉइन होऊ नकोस, आत्ताच अर्जांना लाग. एकदा पगाराची सवय लागली, गाडीचा हप्ता सुरू झाला, घरच्यांनी पोरगी बघितली, की कोणी जात नाही. माझ्या बॅचमधले 'एक वर्ष नोकरी करून मग' म्हणणारे सगळे अजून पिंपरीतच आहेत.

रावेरची लेक
मी गेले ना मधल्या वर्षानंतर. सवय पगाराची लागते की विषयाची, ते माणसावर असतं.

निवृत्त अण्णा
बाळा, नोकरी धर. पगारातून साठलेले दोन-तीन लाख बँकेच्या दृष्टीने फार मोठे असतात, तुझ्या वाट्याचे पैसे म्हणून दाखवता येतात. जर्मनीसारख्या ठिकाणी बारा-पंधरा लाखांत पहिलं वर्ष उभं राहतं, तेवढ्यासाठी साडेसात लाख विनातारण आणि बाकीचं घरून, असं जमवता येतं. पाटाखालचं एक गुंठाही हलवायची गरज नाही. कर्ज असेल तर त्यातून पाठवलेल्या पैशावर टीसीएसही, म्हणजे पैसे बाहेर पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापत नाहीत. घरच्या पैशातून आर्थिक वर्षात दहा लाखांवर पाठवले तर कापतात, मग रिटर्न भरून सोडवत बसा.

गिरणाकाठ
अरे, तू इथे लिहितोस आणि मला फोन करत नाहीस!

असो. रात्री आप्पांजवळ बसलो. कॅनडाचं काही काढलं नाही. अण्णांचा प्रश्न तेवढा विचारला: तिसऱ्या वर्षी परत आला तर? ते म्हणाले, 'परत आला तर वावर आहे ना.' मी म्हटलं, 'ते तर आपण विकलेलं असेल.' त्यावर काही बोलले नाहीत, गोठ्याकडे गेले. सकाळी गिऱ्हाईकाला 'पोळ्यानंतर बघू' असा निरोप धाडलाय. नाही म्हणाले नाहीत, पण पोळ्यापर्यंत तरी निभावलं.

ते सीट ब्लॉकचे पन्नास हजार भरले नाहीत तर एजंट काही करू शकतो का? रोज दोन फोन येतायत. मूळ मार्कशीट त्याच्याकडे आहेत म्हणून जरा धाकधूक.

निवृत्त अण्णा
काही करू शकत नाही. मूळ कागद आजच जाऊन घेऊन या, पोच दिली असेल ती सोबत न्या. मूळ मार्कशीट ठेवून घ्यायचा अधिकार कोणत्याही एजंटला नाही. नुसतं गोड बोलून टोलवलं तर पोलिसात अर्ज देतो म्हणून सांगा, लगेच सापडतात. आणि पुढे कुठल्याही विद्यापीठाला पैसे भरायचे झाले तर थेट विद्यापीठाच्या खात्यावर, एजंटच्या खात्यावर रुपयासुद्धा नाही.

धाकटा मीच
मार्कशीट मी उद्या घेतो, जळगावातच आहे.

श्टुटगार्ट दादा, जर्मनीचं धरलं तर पहिलं काय करू? आणि जर्मन इथे कुठे शिकू, जळगावात क्लास बघितले तर ए-वनच्या पुढे कोणी शिकवत नाही.

धुळे ते श्टुटगार्ट
पहिलं काम एपीएस, म्हणजे आपले शिक्षणाचे कागद तपासून मिळणारं प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते प्रमाणपत्र बंधनकारक आहे, फी १८ हजार, आणि हातात यायला वेळ लागतो. त्यासाठी सगळ्या सत्रांच्या मार्कशीट लागतील, ट्रान्सक्रिप्टसाठी उमवित, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, आत्ताच अर्ज टाकून ठेव, परीक्षा विभागात सत्रअखेरीला कोणी उभं करत नाही. हिवाळी सत्राचे अर्ज बऱ्याच ठिकाणी १५ जुलैपर्यंत असतात, काही ठिकाणी त्याआधीच संपतात. म्हणजे यंदाचं विसर, पुढच्या वर्षीचं धर. फ्लुइड मशिनरीला कोणते प्राध्यापक काय करतात ते डीएएडी या जर्मन शिक्षण-विनिमय संस्थेच्या कोर्स यादीतून शोध, तुझा तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट ज्याच्याशी जुळतो अशी पाच-सहा ठिकाणं काढ आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

भाषा ए-वनपर्यंत जळगावात कर, पुढची ऑनलाइन. चाकणला जॉइन झालास तर सोपंच, पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, बी-वनची परीक्षा तिथेच होते. परीक्षेच्या जागा पटापट भरतात, त्यामुळे नोंदणी उघडते त्या दिवशी सकाळीच साइटवर बस.